साखरेच्या भिंतीची डागडुजी

४ मार्च
नवी वही काढली. जुन्या वहीची पानं पाकाने एकमेकांना चिकटली, सोडवायला गेले तर फाटली.

केकच्या दुकानात साखरेची फुलं करण्यात माझी सव्वीस वर्षं गेली. गुलाब, कळ्या, पानं, हंसांच्या जोड्या. लोक म्हणतात, "तुमची काय मजा आहे हो, रोजच गोडधोड!" त्यांना एकदा भर उन्हाळ्यात दुपारी कढईवर उभं करायला हवं. केसांत साखर, नखांत साखर, कानांच्या मागे साखर. घरी निघाले की चार माशा सोबत येतात. गोड या चवीचीच मला आता शिसारी आली आहे. कोणी चहात साखर ढवळली तरी मी तोंड फिरवते.

आज दुकानात एक म्हातारी आली. डोळे लालभडक आणि पाणावलेले, समोरचं धड दिसत नसावं. पण नाक भलतंच तिखट. काउंटरवरचा माझा गुलाब तिने डोळ्यांनी पाहिलाच नाही, हुंगला. "हे कोणाचं काम?" मालकांनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"माझं घर आहे जंगलात," ती म्हणाली. "साखरेचं आहे. भिंती पडायला आल्यात. डागडुजी करून दे, घर तुझं. मला मागेपुढे कोणी नाही."

मालक हसले. मला हसू आलं नाही. मी धाकट्या बहिणीच्या दोन खोल्यांत राहते आणि पिठाचा डबा आणि भाचीचे पाय यांच्यामध्ये झोपते.

७ मार्च
धाकटीला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, डोकं ठिकाणावर आहे का तुझं? साखरेचं घर म्हणे! पहिल्या पावसात वाहून जाईल." मेहुण्यांचा चेहरा मात्र एकदम मोकळा झाला. मला राग नाही. सतरा वर्षं बायकोची मोठी बहीण स्वयंपाकघरात झोपते, माणूस किती दिवस हसतमुख राहील?

बिट्टी तेवढी खूश झाली. सात वर्षांची आहे, तिला न्हाऊमाखू मीच घालते. म्हणाली, "मावशी, तुझं घर झालं की मी तुझ्याचकडे राहणार. मला खिडकीजवळची जागा हवी." मी हो म्हटलं. सगळा खटाटोप त्याच जागेसाठी आहे, दुसऱ्या कोणाला सांगत नाही एवढंच.

१२ मार्च
दोन दिवस चालून पोहोचले. पाय सुजलेत.

घर खरंच साखरेचं आहे, आणि इतकं गलिच्छ घर मी जन्मात पाहिलं नाही. छपराची बिस्किटं बुरसून हिरवी पडलेली. खिडक्या साखरेच्या काचेच्या, पण त्यांवर बोटांचे ठसे, जिभेचे ठसे, आणि एका काचेला दात लागल्याच्या खुणा. त्या सगळ्या खाली, माझ्या कमरेइतक्या उंचीवर. भिंतींना घाम येतो. हात लावला तर गरम लागल्या, ताप आलेल्या माणसाच्या कपाळासारख्या. मी हात परकराला पुसला, मग परकराचीच किळस आली.

मुंग्या मात्र नाहीत. सव्वीस वर्षांत मुंगी नसलेली साखर मी बघितली नव्हती. इथे एकही मुंगी, एकही माशी नाही. स्वच्छतेच्या दृष्टीने बरंच आहे म्हणायचं.

आत एक भट्टी आहे, आमच्या दुकानातल्या भट्टीच्या तिप्पट. माणूस वाकून आत जाईल एवढं तोंड. "एकट्या बाईला एवढी भट्टी कशाला?" मी विचारलं. "पूर्वी येणंजाणं असायचं," म्हातारी म्हणाली. मागच्या अंगणात लोखंडी जाळीचं मोठं खुराडं आहे, रिकामंच. कोंबड्या नाहीत ते उत्तम झालं. पिसांचा मला भारी तिटकारा.

१६ मार्च
काम बसत नाही. रोज सकाळी पाक करते, भिंतीची भोकं बुजवते, दुसऱ्या दिवशी गिलावा खाली पडलेला असतो. पाक चुकलेला नाही. थंड पाण्यात टाकला की टणक गोळी होते, दातांखाली कटकन मोडते. माझा पाक चुकत नाही.

म्हातारीचं वेगळंच. तिच्याकडे एक मातीची बरणी आहे, तिच्यात विरजणासारखं काहीतरी फसफसतं. प्रत्येक पाकात त्यातला चमचाभर घालायचा अशी तिची अट. वास इतका घाण की मी नाकाला फडकं बांधून घालते.

आज ती जवळ येऊन उभी राहिली. मी नेहमीसारखा पाक बोटावर घेतला, चाखला आणि बाजूच्या डब्यात थुंकले. आमच्या धंद्यात चाखायचं आणि थुंकायचं, गिळायचं नाही. मला शिकवणारे कारागीर याबाबतीत फार कडक होते. गिळणाऱ्याची जीभ सहा महिन्यांत मरते, मग त्याला पाक कळत नाही. सव्वीस वर्षांत एक थेंब मी घशाखाली उतरवलेला नाही.

"त्यानेच पडतंय," म्हातारी म्हणाली.

"कशाने?"

"तू थुंकतेस त्याने. या भिंतीला ते समजतं. करणाऱ्याने गिळलं तरच ती धरते."

भिंतीला समजतं म्हणे! मी म्हटलं, "बाई, मला माझं काम शिकवू नका." ती बाजूला झाली. पण नाक माझ्या डब्याकडेच होतं.

१९ मार्च
आज गिळलं.

तिच्या बोलण्यावर विश्वास ठेवून नाही. पाचव्यांदा गिलावा पडलेला पाहिला आणि डोकं फिरलं. माझ्या हातचं काम पडतं म्हणजे काय? म्हटलं, एकदा गिळून दाखवते, तरीही पडेल, मग म्हातारीचं तोंड बंद होईल.

गोड नव्हतंच ते. आधी लोखंडाला जीभ लागल्यासारखं, मग खारट, मग बोट कापल्यावर आपण चटकन तोंडात घालतो तेव्हा लागतं तसं. मी दोन तांबे पाणी प्यायले. चव गेली नाही.

गिलावा धरला. संध्याकाळपर्यंत भोकाची खूणही दिसेना.

म्हातारी हसली, आणि मग तिने माझ्याकडे उकडलेला बटाटा मागितला. आल्यापासून माझ्या हातचं काही शिवली नव्हती ती, मी ताट पुढे केलं की तोंड फिरवायची. आज सालासकट बटाटा खाल्ला, नुसता मिठाशी, आणि खाता खाता रडायला लागली. नाकातून, डोळ्यांतून, सगळ्याच बाजूंनी पाणी. बघवत नव्हतं. तरी मनात जरा सुखावले. साध्या बटाट्यालासुद्धा माझ्या हाताची चव असते तर.

२ एप्रिल
तीन भिंती झाल्या. रोज गिळते, आता त्यात काय एवढं.

पण जेवण जात नाही. पाव तोंडात घातला की ओला पुठ्ठा. दूध म्हणजे भांडी घासलेलं पाणी. अंडं फोडलं तर वासानेच बाहेर पळाले. जंगलातलं पाणी बाधलं असणार. डोळेही चुरचुरतात, धुराने.

म्हातारीचं उलट. गालांवर रंग आलाय. काल तिने खिडकीत बसून सुईत दोरा ओवला, पहिल्या झटक्यात. दिवसभर काही ना काही चघळते, कच्चं गाजर, शिळा पाव, मुळ्याचा पाला. मचमच आवाज करत खाते. दुसऱ्याच्या चघळण्याइतकं ओंगळ जगात काही नसेल. मी बाहेर जाऊन बसते.

९ एप्रिल
म्हातारी गेली.

सकाळी उठले तर तिचं गाठोडं दारात तयार. छप्पर काल पुरं झालं होतं. म्हणाली, "घर तुझं. बोलल्याप्रमाणे."

"आणि तुम्ही कुठे निघालात या वयात?"

"जेवायला," ती म्हणाली. वेडीच आहे. मग दारात थांबली. बोलू की नको असं तिचं चाललं होतं. "तुला आधी सांगायला हवं होतं गं. पण मला तरी कोणी सांगितलं होतं? एक ऐक. आपल्या माणसांना इथे बोलवू नकोस."

मला हे अजिबात आवडलं नाही. घर दिलं, पण जीव इथेच अडकलाय बाईचा. माझ्या घरी कोणी यायचं हे ही ठरवणार! मी म्हटलं, "माझं मी बघून घेईन." तिने मान हलवली आणि बटाट्यांची पिशवी खांद्यावर टाकून वाटेला लागली. ओढ्यावरून चक्क उडी मारून गेली.

दुपारीच धाकटीला पत्र लिहिलं. बिट्टीला सुट्टी लागली की घेऊन ये.

२ मे
पत्रपेटी जंगलाच्या कडेला आहे, अर्ध्या दिवसाची वाट. गेले. टपालवाला तिथेच बसून डबा खात होता. भला माणूस, "बाई, फार वाळलात, घ्या," म्हणून अंडं पुढे केलं. मी झुडपाआड जाऊन ओकले. पोटात काही नव्हतंच, गुलाबी फेस पडला. परत आले तर त्याच्याच अंगाचा वास सहन होईना. मोठ्या माणसांना शिळा वास येतो, इतकी वर्षं माझ्या लक्षात कसं आलं नाही कोण जाणे.

धाकटीचं पत्र होतं. एकवीसला येतायत दोघी, मेहुण्यांना रजा नाही. सोबत पुडक्यात बिट्टीचा जुना स्वेटर. "मावशीला जंगलात थंडी वाजत असेल" म्हणून पोरीने स्वतःहून पाठवला. बाहीत माझं कोपरसुद्धा जाणार नाही!

पुडकं उघडलं आणि महिन्याभरात पहिल्यांदा चांगला वास आला. ऊब, साबण, थोडा घाम, शाळेचा खडू. तोंडाला पाणी सुटलं. अक्षरशः सुटलं, पत्रावर थेंब पडून शाई फुटली. रडू न येता लाळ यावी याची मला लाज वाटली. पण माया ती मायाच, ज्या वाटेने येईल त्या वाटेने. वाटभर स्वेटर नाकाशी धरून आले.

२१ मे
आल्या!

धाकटी दारातच म्हणाली, "अगं ताई, काय दशा करून घेतलीस! आणि डोळे केवढे लाल झालेत!" ती मिठी मारायला आली, मी श्वास रोखून धरला. माझी सख्खी बहीण, पण घामट, आंबट वास. आपल्या माणसाबद्दल असं लिहिताना बरं वाटत नाही.

बिट्टीने आल्या आल्या खिडकीची कड मोडून तोंडात घातली. "मावशी, घर गोड आहे!" दिवसभर भिंतीला लागलेली होती. हनुवटीवरून पाक ओघळतोय, बोटं चिकट, फ्रॉक चिकट. दुसरं कोणाचं मूल असतं तर मला बघवलं नसतं. हिचं आवडलं. जवळ घेतलं, दंड दाबून पाहिला. हाडंच लागतात हाताला. हिला जरा भरायला हवं. धाकटीला म्हटलंसुद्धा, "खायला घालतेस की नाही हिला?"

"ही विचारतेय बघा! तू सकाळपासून काय खाल्लंस ते सांग आधी. आणि तिच्याकडे अशी टक लावून काय बसलीस? ती घाबरते."

मी बघतच होते का? लक्षात आलं नाही.

२३ मे
सगळं जसं घडलं तसं लिहायचं, एक अक्षर मऊ करायचं नाही.

धाकटी दुपारी कपडे घेऊन ओढ्यावर गेली. बिट्टी माझ्यापाशी होती. मी गुणगुणत कामं करत होते, खूप दिवसांनी बरं वाटत होतं. लाकडं आत सारली, जाळ केला, लांब दांड्याचं फावडं पुसून भिंतीशी उभं केलं. मग बिट्टीला म्हटलं, "स्टूल घे आणि आत वाकून बघ बरं, तापली का."

ती स्टूल घेऊन आली. वर चढली. भट्टीच्या कडेला हात टेकले, आणि मागे वळून विचारलं, "मावशी, पण करणार काय आहेस?"

मी ओट्याकडे पाहिलं. पीठ मळलेलं नव्हतं. ट्रे काढला नव्हता. सव्वीस वर्षांत मी मिश्रण तयार नसताना भट्टी पेटवलेली नाही. करणार काय होते मी? माझे हात तिच्या पाठीपासून वीतभर अंतरावर होते, दोन्ही, तळवे पुढे करून. ते मी कधी उचलले?

मग सगळंच कळलं. म्हातारीचा बटाटा, ते खुराडं, काचेवरच्या खाली खाली दातांच्या खुणा. पत्रावर सांडलेली लाळ.

बिट्टीला म्हटलं, "खाली उतर. आईकडे जा. पळ." ती गेली आणि मी तिथेच बसून ओकले. मला साखरेची किळस आली आहे, माशांची, केसांची, म्हातारीच्या मचमचीची. पण त्या सगळ्यापासून निदान चार पावलं लांब सरकता येत होतं. ही माझ्याच तोंडात होती, आणि ओकून झाल्यावरही तोंडाला पाणी सुटलेलं होतंच.

धाकटीला खरं सांगावं असं क्षणभर वाटलं. पण मी तिला ओळखते. ती म्हणाली असती, "ताई, तू आजारी आहेस, घरी चल." हाताला धरून नेलं असतं. त्या दोन खोल्यांत. बिट्टीच्या पायांशी झोपायला.

ती ओढ्यावरून आली तेव्हा मी दारात उभी होते. म्हटलं, "तुझी पोरगी माझं घर उष्टं करते. दोन दिवसांत भिंतीची चाळण केली. उचल आणि चालती हो."

तिला आधी थट्टा वाटली. "ताई, अगं ती तुझी बिट्टी आहे."

"माझी कशाला? तुझी आहे. तुझ्याकडे राहत होते म्हणून सांभाळली, जागेच्या बदल्यात. मला पोरांची किळस येते. तिचं शेंबडं नाक पुसताना दर वेळी किळस आली."

बिट्टी तिच्या पाठीमागे होती. तिने तेवढ्यात नाक बाहीला पुसलं.

धाकटीच्या हातातल्या ओल्या कपड्यांतून पाणी ठिबकत राहिलं. मग ती शांतपणे म्हणाली, "आमच्या लेखी तू मेलीस." कपडे तसेच ओले बांधले. तासाभरात गेल्या. बिट्टीने वाटेवर दोनदा मागे पाहिलं. मी दोन्ही वेळा तोंड फिरवलं, पण वास बराच वेळ येत राहिला.

५ जून
भिंत फोडायला घेतली. कुऱ्हाडीने भोक पाडलं, सकाळी भरलेलं. छपराला आग लावली, साखर नुसती काळी पडली आणि दुपारपर्यंत पुन्हा पांढरी. बरणी ओढ्यात फेकली, ओट्यावर परत आली.

म्हातारीने केलं तसं करावं, एखादा कारागीर आणून त्याला गिळायला लावावं, हेही मनात येऊन गेलं. पण त्यासाठी भिंती आधी पडायला आलेल्या हव्यात. आणि माझं काम पक्कं असतं. पन्नास वर्षं तरी काही हलणार नाही. म्हातारीने किती वर्षं वाट पाहिली असेल, आणि तोवर काय खाल्लं असेल, ते मला विचारवत नाही.

१४ जून
उपास करून मरेन म्हटलं होतं. मरण येत नाही. भूक तेवढी वाढते. आज माती खाऊन पाहिली. पावापेक्षा बरी लागली.

२९ जून
अक्षर मोठं काढतेय, त्याशिवाय मला दिसत नाही.

सकाळपासून वास येत होता. आधी वाटलं स्वेटरचाच, पण त्याचा वास मी केव्हाच हुंगून संपवला. हा ताजा आहे. ओढ्याकडून आला, मग वाटेवरून, आता मागच्या खिडकीशी आहे. छपराचं बिस्किट मोडल्याचा आवाज झाला. दोघं आहेत. एक मुलगा, एक मुलगी, बहीणभाऊ असावेत. फार भुकेले आहेत, बोलायलासुद्धा थांबत नाहीत. त्यांच्यामागे मोठ्या माणसाचा शिळा वास कुठेच नाही. कोणीतरी त्यांना जंगलात आणून सोडलं असणार. काय एकेक आईबाप असतात!

त्यांना ओरडून हाकलायचं, असं मी ठरवलं होतं. कोणीही आलं तरी हाकलायचं, त्या दिवशीसारखं. दारापर्यंत गेले, तोंडही उघडलं. शिवी घशातून वर आली नाही.

एप्रन बदलला, केस विंचरले. मग खिडकीतून म्हटलं, "कोण आहे गं बाहेर? भिऊ नका बाळांनो, आत या, दूध तापवते." आवाज इतका मऊ निघाला की मलाच ओळखू आला नाही.

ती दाराशी येतायत. माझी कोणी नाहीत ती. ज्यांच्यावर जीव होता त्यांना मी तोडून बोलले आणि घालवून दिलं, ते एकदाच जमायचं होतं. परक्यांच्या मुलांशी इतकं वाईट वागायचं मला काही कारण नाही.